सेंद्रिय कापसाचा जमाखर्च

इंदूर संस्थानच्या हद्दीत, होळकर दरबाराने दिलेल्या काळ्या जमिनीवर, १९२४ साली जी वनस्पती-संशोधन संस्था उभी राहिली, तिच्या खर्चाचा मोठा भाग कापसाच्या गाठींवर बसविलेल्या पट्टीतून, म्हणजे इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या अनुदानातून, भागविला जात असे. संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न कापसाचे पीक सुधारण्याचा होता. परंतु त्या प्रश्नाचा माग काढीत ते दोघे अखेर जेथे पोहोचले, तो होता गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती, राख, शेण आणि शेतातला काडीकचरा यांच्या थरांनी भरलेला खताचा खड्डा. पऱ्हाटीचे लाकूड चिवट, ते सहजी कुजत नाही. म्हणून ती रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यावयाची आणि मग खड्ड्यात घालावयाची, इतक्या बारकाव्याने त्यांनी ही रीत बसविली, आणि १९३१ साली तिच्यावर लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथामुळे ‘इंदूर पद्धती’ हे नाव जगभर झाले. पुढे युरोप-अमेरिकेत ज्या शेतीस सेंद्रिय शेती असे नामाभिधान मिळाले, तिच्या मूळ प्रेरणांपैकी एक महत्त्वाची प्रेरणा अशा रीतीने कापसाच्या काळ्या जमिनीतूनच निघालेली आहे. आणि म्हणून सेंद्रिय कापसाचे वस्त्र हे परदेशी ग्राहकांचे एक नवे वेड समजून त्याकडे पाठ फिरविणे निदान वऱ्हाड-खानदेशच्या लोकांना तरी शोभणारे नाही.

मुंबई-पुण्याच्या दुकानांत आज ‘ऑरगॅनिक कॉटन’ अशी चिठ्ठी लावलेले सदरे, कुर्ते, तान्ह्या मुलांची झबली आणि अंथरुणा-पांघरुणाचे कापड सर्रास दिसते, आणि त्या चिठ्ठीवर पुष्कळदा पाणी इतके टक्के कमी लागले, कर्बवायू इतके टक्के कमी निघाला, असे आकडे छापलेले असतात. या विषयावर जे काही लिहिले गेले आहे ते जो कोणी सलग वाचील, त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. ती ही की, जे लाभ पुराव्याने सर्वांत पक्के ठरलेले आहेत ते या चिठ्ठीवर क्वचितच येतात, आणि जे आकडे तिच्यावर ठळक छापले जातात त्यांचाच पाया सर्वांत कच्चा आहे. सेंद्रिय कापसाचे खरे श्रेय ज्या शिवारात तो पिकतो त्या शिवारात जमा होत असते, फवारणाऱ्या माणसाच्या प्रकृतीत, बांधाखालच्या ओढ्यात, मातीच्या कसात. ते सोडून पाण्याच्या लिटरांत आणि कर्बाच्या किलोंत त्याचे मोजमाप करू गेले की हिशेब बिघडतो. प्रस्तुत लेखात या हिशेबाची रकमवार तपासणी करावयाची आहे.

कृत्रिम रासायनिक खते, संश्लेषित कीटकनाशके व तणनाशके आणि जनुकबदल केलेले बियाणे या सर्वांवाचून पिकविलेला तो सेंद्रिय कापूस, एवढी त्याची व्याख्या येथे पुरेशी आहे. भारतात त्याचे नियम २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाने घालून दिले. वार्षिक पिकाच्या जमिनीस रासायनिक पद्धतीतून या पद्धतीत येण्यासाठी निदान दोन वर्षांचा संक्रमणकाल द्यावा लागतो. त्या काळात शेतकऱ्याने नियम सर्व सेंद्रियाचे पाळावयाचे आणि भाव मात्र साधारण कापसाचा घ्यावयाचा, अशी त्याची स्थिती असते, आणि या स्थितीकडे लेखाच्या अखेरीस परत यावे लागेल. जगाच्या एकंदर कापसात या कापसाचा वाटा फारच लहान आहे. २०२०-२१ च्या हंगामात तो सुमारे ३ लाख ४२ हजार टन, म्हणजे शेकडा १.४ इतकाच भरला. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा भारताचा होता.

जमेच्या बाजूची पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी रक्कम विषाची आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी ही रस शोषणारी कीड, आणि हिरवी, ठिपक्यांची व गुलाबी अशा तीन प्रकारच्या बोंडअळ्या, असा मोठा शत्रुवर्ग कापसाच्या मागे पूर्वापार लागलेला आहे. तथापि १९४७ साली भारतातील कापसाखालच्या क्षेत्रापैकी शेकडा ९७ क्षेत्र ज्या देशी जातींखाली होते, त्या जाती आखूड धाग्याच्या असल्या तरी या शत्रूंपैकी पुष्कळांस पुरून उरणाऱ्या होत्या. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन जाती वाढल्या. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस सिद्ध केला, आणि त्यानंतरच्या दशकात संकरित बियाणे, रासायनिक खत आणि फवारा ही त्रयी एकमेकीवाचून न राहणारी झाली. खताने पऱ्हाटी हिरवीगार आणि लुसलुशीत होते, आणि लुसलुशीत पानांवर तुडतुडे अधिक येतात. तुडतुड्यांसाठी फवारा मारावा तर ढालकिडे, क्रायसोपा आणि ट्रायकोग्रामा या मित्रकीटकांचा संहार होतो, आणि मग बोंडअळीस अडविणारे शेतात कोणी उरत नाही. १९८० च्या सुमारास आलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांनी प्रारंभी अळी झपाट्याने मेली खरी, परंतु थोड्याच वर्षांत पांढरी माशी उसळली आणि हिरव्या बोंडअळीस ती औषधे पचू लागली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात देशाच्या लागवडीखालील जमिनीपैकी जेमतेम वीस भागांतला एक भाग व्यापणारा कापूस देशातील शेतीच्या कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास औषध एकटा रिचवीत होता, ही गोष्ट त्या काळाच्या शेतीविषयक लिखाणात पुनःपुन्हा नमूद झालेली आहे.

२००२ साली जनुकबदल केलेल्या बीटी कापसास परवानगी मिळाली आणि काही वर्षे बोंडअळीवरील फवारे खरोखरीच कमी झाले. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. के. आर. क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० साली वीस वर्षांच्या आकड्यांचा जो परामर्श घेतला, त्यातून असे दिसून आले की रस शोषणाऱ्या किडींवरील फवारे मागाहून वाढत गेले आणि कीटकनाशकांवरचा शेतकऱ्याचा खर्च बीटीपूर्व काळाहूनही वर चढला. आणि गुलाबी बोंडअळीने तर २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बियाण्यासही दाद देईनाशी झाल्यावर २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राचा कापूस पोखरून काढला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेलेली, हवा कोंदट, दोन-तीन औषधांचे मिश्रण एकाच पंपात, अंगावर साधा सदरा आणि तोंडाला फार तर उपरणे. त्या उंच पिकातून चालणाऱ्या मजुराच्या श्वासात आणि घामेजल्या कातडीत ते औषध उतरले. या मृत्यूंची चौकशी झाली, अहवाल झाले, परिपत्रके निघाली. कापडाच्या पर्यावरणीय लाभांची चर्चा करणाऱ्या कोणत्याही लेखाने या मजुरांना आपल्या हिशेबात प्रथम स्थान दिले पाहिजे, कारण सेंद्रिय कापसाच्या शेतात हे मरण येत नाही, आणि ही एकच गोष्ट बाकीच्या सर्व आकड्यांच्या वर मांडण्याइतकी मोठी आहे.

सेंद्रिय शेतकरी कीड येऊच देत नाही असे मात्र कोणी समजू नये. तो पाच टक्के निंबोळी अर्क फवारतो, दशपर्णी अर्क करतो, कामगंध सापळे लावतो, ट्रायकोकार्ड बांधतो, तुरीच्या ओळी टाकतो, चवळी आणि मका बांधावर लावून मित्रकीटकांस आसरा देतो, आणि वेळेवर फरदड मोडून गुलाबी अळीचे चक्र तोडतो. यांपैकी काही उपायांची परीक्षा विद्यापीठांनी घेतलेली आहे, काहींची कार्यक्षमता गावागणिक वेगळी आढळते, आणि दशपर्णीच्या प्रत्येक डब्यात एकसारखेच सत्त्व असते असा दावा तिचा कट्टर पुरस्कर्ताही करणार नाही. तथापि या सर्वांचा समान गुण असा की, ते हुकले तर पीक जाते, माणूस जात नाही.

दुसरी रक्कम मातीची. काळी जमीन भारी, ओलावा धरणारी, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. तिच्यात सेंद्रिय कर्बाचे प्रमाण वऱ्हाडातील पुष्कळ शिवारांत शेकडा अर्ध्याच्याही आत उतरलेले आहे, आणि अर्ध्याच्या आतले प्रमाण कृषिशास्त्र कमी प्रतीचे मानते. कर्ब उतरला की मातीचा कण विस्कटतो, पहिल्या जोरदार पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, आणि जाताना वरची माती घेऊन जाते. शेणखत, कंपोस्ट, मुगा-उडदाचे बेवड आणि तुरीचा पालापाचोळा यांनी हा कर्ब हळूहळू भरून येतो; त्यास वर्षे लागतात, पण भरलेल्या जमिनीत पावसाचा पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला तरी पीक तग धरते, हे कोरडवाहू कास्तकार अनुभवाने जाणतो. ज्या मुलखात कापसाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र केवळ पावसाच्या भरवशावर आहे, त्या मुलखात ओल धरून ठेवणारी माती हीच सर्वांत मोठी पाटबंधारे योजना होय. येथे एक अडचण प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. गावोगावची गुरे कमी झाली आहेत, ट्रॅक्टर आले आहेत, आणि हॉवर्ड यांच्या खड्ड्यास लागणारे शेण आज कित्येक कापूसउत्पादक खेड्यांत विकतही मिळत नाही. पऱ्हाटी चुलीत किंवा धुऱ्यावर जळते. सेंद्रिय कापसाचा प्रसार ज्यांना करावयाचा आहे त्यांनी बियाण्याच्या आधी गोठ्याचा विचार केला पाहिजे.

आता पाण्याकडे वळू, कारण सर्वांत मोठा गोंधळ येथेच आहे. कापूस पाणी पिऊन नद्या कोरड्या करतो या समजुतीस आधार नाही असे नाही; सोव्हिएत राजवटीने १९६० नंतर अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचे पाणी मध्य आशियातील कापसाकडे वळविले, आणि जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर गणला जाणारा अरल समुद्र एका पिढीच्या डोळ्यांदेखत आटला. परंतु अरलचा धडा कापूस कोठे आणि कोणत्या पाण्यावर लावावा याविषयीचा आहे. तो सेंद्रिय कापूस लावल्याने चुकला असता असे नव्हे. एका सदऱ्यास अडीच-पावणेतीन हजार लिटर पाणी लागते हा जो आकडा सर्वत्र फिरतो, त्यात आकाशातून पडून मातीत मुरलेले पाणी, कालव्याविहिरीतून उपसलेले पाणी आणि दूषित पाणी सौम्य करण्यास लागणारे कल्पित पाणी, अशा तीन निरनिराळ्या पाण्यांची बेरीज केलेली असते. यवतमाळच्या कोरडवाहू शेतातला कापूस जे पाणी घेतो ते त्या शेतावर पडलेल्या पावसाचे असते. कापूस नसता तर ते ज्वारीने किंवा तणाने घेतले असते. सेंद्रिय कापसास ९१ टक्के सिंचनपाणी कमी लागते असे जे सांगितले जाते, ते टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून. पण त्या अभ्यासातील सेंद्रिय शेते बहुतांशी पावसावरची होती, आणि ज्या साधारण कापसाशी ती ताडून पाहिली गेली त्याची आकडेवारी दुसऱ्या अभ्यासातून, दुसऱ्या प्रदेशांतून, बऱ्याच अंशी सिंचनाखालच्या शेतांतून घेतलेली होती. तेव्हा तो फरक पद्धतीचा कमी आणि प्रदेशाचा अधिक आहे. अनेक जाणकारांनी ही त्रुटी दाखवून दिल्यानंतरही आकडा चिठ्ठ्यांवर तसाच राहिला, ही खेदाची गोष्ट आहे, कारण खऱ्या कार्याची बाजू लंगड्या पुराव्याने मांडली की खरा पुरावाही संशयास पात्र होतो. पाण्याच्या बाबतीत सेंद्रिय कापसाचा निर्विवाद लाभ त्याच्या निर्मळपणाचा आहे. ज्या ओढ्यात नत्र आणि कीटकनाशक उतरत नाही, ज्या विहिरीचे पाणी पिताना मनात किंतु येत नाही, ते पाणी लिटरांच्या आकड्यात मावत नाही.

कर्बवायूच्या ४६ टक्के घटीचा दावाही त्याच अभ्यासातला, आणि त्याचेही दुखणे तेच. तथापि त्यामागील कार्यकारणभाव अधिक भक्कम आहे. युरिया नैसर्गिक वायूपासून तयार होतो, आणि शेतात टाकलेल्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो, जो तापमान वाढविण्याच्या बाबतीत कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रबळ आहे. युरियाचे पोते वाचले म्हणजे कारखान्यातला धूर तर निश्चित वाचला. शेतातला वायू मात्र शेणखतातूनही निघतो, हे विसरून चालणार नाही. आणि मातीत साठणारा कर्ब या बाजूस जमा धरावयाचा तर तो किती वर्षे तेथे राहील याची हमी कोण देणार, हाही प्रश्न उरतो. येथे लाभ आहे, पण तो किती टक्के आहे हे सबंध जगासाठी एका आकड्यात सांगता येईल असे मला वाटत नाही.

खर्चाच्या बाजूची सर्वांत जड रक्कम उत्पन्नाची होय. एकरी कापूस कमी आला तर तितक्याच कापडास जमीन अधिक लागते, आणि अधिक जमीन म्हणजे कोठेतरी कमी कुरण, कमी जंगल. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात साध्या कापसाची पिशवी प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीस येण्यास, केवळ हवामानाचा निकष धरला तर, ५२ वेळा वापरावी लागते आणि सेंद्रिय कापसाची १४९ वेळा. सर्व निकष धरले तर हेच आकडे ७,१०० आणि २०,००० पर्यंत जातात, असे म्हटले होते, आणि सेंद्रिय पिशवी मागे पडण्याचे कारण तिच्या कापसाचे उत्पन्न कमी गृहीत धरलेले होते हे होय. या अभ्यासाने पुष्कळांचा हिरमोड केला. त्यातले गृहीतक सरसकट धरलेले आहे, आणि फवारणाऱ्या मजुराच्या विषबाधेची नोंद करण्याची सोय अशा प्रकारच्या गणितात जवळजवळ नसते, हे त्याचे दोष खरे. पण त्याने विचारलेला प्रश्न टाळण्याजोगा नाही.

त्या प्रश्नाचे आपल्या मुलखास लागू पडणारे उत्तर निमाडात शोधावे लागते. खरगोन जिल्ह्यातील कसरावद येथे, जेथे १९९२ च्या सुमारास एका स्विस सूतव्यापारी कंपनीच्या साहाय्याने सेंद्रिय कापसाचे काम उभे राहिले, तेथे २००७ पासून स्वित्झर्लंडच्या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेने एक दीर्घकालीन प्रयोग चालविला आहे. काळी जमीन, कापूस-सोयाबीन-गहू असा दोन वर्षांचा फेरा, आणि शेजारी-शेजारी चार पद्धती: बायोडायनॅमिक, सेंद्रिय, रासायनिक आणि बीटीसह रासायनिक. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस रासायनिकापेक्षा २९ टक्के कमी आला आणि गहू २७ टक्के. पुढील दोन वर्षांत दोहोंचे उत्पन्न जवळजवळ सारखे झाले, जरी त्याचे कारण रासायनिक शेताचे उत्पन्न खाली आले हे होते. सोयाबीन पहिल्यापासूनच फारसे मागे नव्हते. पैशाचा हिशेब त्याहून बोलका आहे: पहिल्या फेऱ्यात निव्वळ मिळकतीत रासायनिक शेत २९ टक्क्यांनी पुढे होते, दुसऱ्या फेऱ्यात सेंद्रिय शेत २५ टक्क्यांनी पुढे गेले, कारण खतऔषधांचा खर्च वाचला. एका प्रयोगावरून सबंध देशाचे अनुमान काढणे धाडसाचे होईल; परंतु जेथे पाऊस हाच उत्पन्नाची कमाल मर्यादा ठरवितो, तेथे रासायनिक शेतही फार उंच जाऊ शकत नाही आणि म्हणून दोन पद्धतींतील अंतर लहान राहते, हा निष्कर्ष तर्कास धरून आहे. पंजाब-हरियाणातल्या कालव्याच्या पाण्यावर हेच अंतर मोठे पडेल. सेंद्रिय कापूस कोरडवाहू मुलखाचे पीक आहे, आणि त्याचा पुरस्कार सर्व मुलखांत सारख्याच आवेशाने करणे मला योग्य वाटत नाही.

निंदणीची मजुरी हा याच बाजूचा दुसरा खर्च. तणनाशक वर्ज्य म्हणून डवरणीच्या पाळ्या वाढतात आणि उरलेले तण हाताने काढावे लागते. ते हात बहुधा बायांचे असतात. या मजुरीचा भार न पेलल्यामुळेच तणनाशकास दाद न देणारे विनापरवाना बियाणे विदर्भात चोरट्या वाटेने पसरले, हे सर्वांस ठाऊक आहे. जो सेंद्रिय कापूस त्या बायांना रास्त रोज देत नाही, त्याने विष टाळले तरी कष्टाचे ओझे नुसते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर दिले.

बियाण्याची अवस्था याहून बिकट आहे. देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी शेकडा नव्वदांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेल्यावर बिगर-बीटी बियाणे बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. आणि जे मिळते त्याच्यात शेजारच्या शेतातून मधमाश्यांनी आणलेल्या परागाने किंवा जिनात सरकी मिसळल्याने बीटीचा अंश शिरतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ए.के.ए.-७ आणि ए.के.ए.-८ या देशी जाती, किंवा नागपूरच्या संस्थेची ‘सूरज’ ही सरळ जात, शेतकऱ्यास घरचे बी राखू देणाऱ्या आहेत. देशी कापूस पावसाचा खंड सोसतो, तुडतुड्यांस फारसा भीत नाही, आणि त्याच्या आखूड, जाडसर धाग्याची शोषणशक्ती चांगली असल्यामुळे रुग्णालयात लागणाऱ्या कापसासाठी तो उत्तम ठरतो. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाची एके काळी मोठी ख्याती होती, आणि तोही देशीच होता. सेंद्रिय शेतीस बियाणे नाही ही तक्रार करताना आपण आपलेच बियाणे दोन पिढ्यांत विसरलो, हे ध्यानात ठेवणे बरे.

कापूस शेतातून निघून जिनिंगमध्ये, सूतगिरणीत, मागावर आणि तेथून रंगशाळेत जातो, आणि शेतात मिळविलेले सर्व येथे एका दिवसात गमावता येते. तिरुपूरच्या रंगशाळांनी नोय्यल नदीची आणि तिच्यावरील ओरथुपाळयम् धरणाची जी दशा केली, तिच्यामुळे मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तेथील रंगशाळा बंद ठेवण्याचा हुकूम दिला, आणि त्यानंतर सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर त्या पुन्हा सुरू झाल्या. इचलकरंजी आणि पंचगंगा यांची कथा महाराष्ट्राच्या वाचकास नव्याने सांगावयास नको. नदीच्या दृष्टीने पाहता रंगाच्या पाण्याला कापसाची जात नसते. म्हणून ग्राहकाने चिठ्ठी वाचताना हे पाहिले पाहिजे की ती नुसती धाग्याची साक्ष देते की संपूर्ण प्रक्रियेची. ‘गॉट्स’ या २००६ पासून चालू असलेल्या मानकात निदान ७० टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो, घातक रंग, जड धातू आणि क्लोरीनची विरंजने वर्ज्य असतात, आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचीही अट असते. केवळ धाग्याचे प्रमाण सांगणाऱ्या दाखल्यात यांपैकी शेवटच्या गोष्टी येत नाहीत.

आणि दाखल्यांवर तरी किती भिस्त ठेवावी? २०२० साली गॉट्स संस्थेनेच उघडकीस आणले की भारतातून सुमारे २०,००० टन कापूस बनावट कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून विकला गेला होता; हे प्रमाण देशाच्या त्या वेळच्या सेंद्रिय उत्पादनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतके होते, आणि त्या प्रकरणी अकरा कंपन्यांवर बंदी आली. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या कृषिखात्याने भारतीय प्रमाणन व्यवस्थेस दिलेली मान्यता काढून घेतली, आणि पुढील वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या विषयावर सविस्तर वृत्तांत छापला. मला या प्रकरणातली सर्वांत दुःखद बाब ही वाटते की, लबाडी झाली ती बहुतांशी कागदाच्या आणि व्यापाराच्या पायरीवर, परंतु तिची शिक्षा मात्र ज्या शेतकऱ्याने दोन-तीन वर्षे कमी उत्पन्न सोसून, निंबोळ्या कुटून, खरोखर विषमुक्त कापूस पिकविला त्याच्या भावास भोगावी लागली. जनुकचाचणी सरकीच्या वा रुईच्या नमुन्यावर करता येते. तिची रुजवात शेतात, जिनात आणि गोदामात अशी तिन्ही ठिकाणी घेतली गेली तर निदान बीटी कापूस सेंद्रिय म्हणून खपविणे कठीण होईल.

वापराच्या टप्प्याविषयी थोडक्यात इतकेच की, जगात आज तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून अधिक वाटा पॉलिएस्टरचा आहे आणि कापसाचा पाव हिश्श्याहून कमी. धुण्यात पॉलिएस्टरचे जे सूक्ष्म तंतू निघून पाण्यात जातात ते पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहतात, कापसाचे तंतू कुजतात. हा गुण सेंद्रिय आणि साध्या दोन्ही कापसांचा सारखाच आहे. सदरा दोन वर्षांऐवजी सहा वर्षे अंगावर राहिला तर त्याच्या वाट्याची जमीन, रंग आणि पाणी ही सर्वच तिसऱ्या हिश्श्यावर येतात, आणि हे कोणत्याही कापसास लागू आहे. दर हंगामात नवा सेंद्रिय कुर्ता घेणाऱ्यापेक्षा जुना साधा कुर्ता रफू करून घालणारा पर्यावरणाचे अधिक हित करतो, असे म्हणावयास हरकत नाही.

एवढी छाननी केल्यानंतर जे उरते ते माझ्या मते भरपूर आहे. विषमुक्त शिवार, निर्मळ पाणी आणि सुधारत जाणारी माती हे तीन लाभ कोरडवाहू काळ्या जमिनीत पक्के आहेत, आणि ते स्थानिक असल्यामुळे त्यांची किंमत देण्याची जबाबदारीही केवळ झुरिक किंवा न्यूयॉर्कच्या ग्राहकावर सोपवून मोकळे होता येणार नाही. वर्ध्यास १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाने विषमुक्त कापूस, हातसूत, हातमाग आणि वनस्पतिजन्य रंग ही साखळी एकाच परिसरात जुळवून दाखविली आहे. तिचे प्रमाण लहान आहे, पण शेतकरी आणि कापड नेसणारा यांच्यातले अंतर इतके थोडे असले की दाखल्याची गरजही थोडीच राहते. मोठ्या प्रमाणावर करावयाचे तर सरकारी रुग्णालयांस लागणारा कापूस आणि पट्ट्यांचे कापड यांपासून आरंभ व्हावा: देशी जातींचा आखूड धागा तेथे चालतो, मागणी दर वर्षी निश्चित असते, आणि रंगशाळेचा प्रश्नच उद्भवत नाही. खरेदीच्या निविदेत संक्रमणकाळातल्या कापसास वेगळी वर्गवारी आणि वेगळा दर ठेवला, तर कसरावदच्या प्रयोगात पहिल्या फेऱ्यात दिसलेली २९ टक्क्यांची तूट शेतकऱ्यास एकट्यास सोसावी लागणार नाही. आणि ती तूट सोसण्याची ऐपत नसणे हेच, वऱ्हाडातल्या बहुसंख्य लहान कास्तकारांच्या बाबतीत, फवाऱ्याचा पंप पाठीवरून न उतरण्याचे कारण आहे.